पट्टी धरून घेतलेली सही: भविष्य निर्वाह निधीच्या विश्वस्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
केंद्रीय विश्वस्त मंडळ,
कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटना, नवी दिल्ली

विषय: आजारपणाने नोकरी सुटलेल्या कामगाराची अपंगत्व पेन्शन, आणि ती बुडवणारा राजीनामा

महोदय, महोदया,

भोसरीच्या एका कारखान्यात मी २९ वर्षं टाइम ऑफिसला होतो. हजेरीचं मस्टर, पगारपत्रक, पीएफचं चलन, आणि कुणी सोडून चाललं की त्याचं ‘फायनल’, हे माझं काम. साहेब म्हणायचे, फायनल करण्यात तुमचा हात कुणी धरणार नाही. माणूस सकाळी राजीनामा घेऊन आला की दुपारच्या चहापर्यंत त्याचे सगळे कागद तयार असायचे. मला त्याचा अभिमान होता, हे आधीच कबूल करतो, कारण पुढचं सगळं त्या अभिमानाबद्दलच आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधली गोष्ट. आमच्याकडे एक टर्नर होते, लेथ मशीनवर काम करणारे, वय ४२. शॉपमध्ये सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे, मीही तसंच म्हणतो. पूर्वी छोट्या वर्कशॉपांत काम केलेलं, तिथे ना पीएफ ना काही. आमच्याकडे सप्टेंबर २०११ ला लागले. साखर जुनी होती. आधी रात्रपाळीला त्रास व्हायला लागला, मग व्हर्नियरवरच्या, म्हणजे मापाच्या पट्टीवरच्या, रेघा दिसेनात. ते शेजारच्या मशीनवरच्या पोराला हाक मारून आकडा वाचून घ्यायचे. पोरगा सुट्टीवर गेला त्या आठवड्यात त्यांचे २२ जॉब रिजेक्ट झाले. नेत्रपटलाला साखरेने इजा झाली आहे, लेसर केलं तरी गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. लेथवर उभं राहणं धोक्याचंच होतं. चक फिरत असताना हात कुठे आहे हे ज्याला दिसत नाही, त्याला तिथे कोण उभं करील?

पर्सोनेलच्या केबिनमध्ये बैठक झाली. आवाज कुणीच चढवला नाही. मॅनेजर चांगल्या शब्दांत म्हणाले, “मिस्त्री, आम्ही काढलं असं रेकॉर्डला नको. तुम्हीच राजीनामा द्या. पुढे कुठे लागायचं झालं तर बरं पडेल.” पुढे कुठे लागणार होते, देव जाणे. पण त्यांना ते पटलं, मलाही पटलं. राजीनामा मीच टाइप केला. ‘वैयक्तिक कारणास्तव’. हे दोन शब्द माझ्या कॉम्प्युटरवर तयारच असायचे, तारीख आणि नाव बदललं की झालं.

सही करताना त्यांना ओळ सापडेना. म्हणाले, “भाऊसाहेब, कुठं करू?” मी माझी स्टीलची पट्टी ओळीखाली धरली. पट्टीच्या कडेने पेन सरकवत त्यांनी सही केली, अगदी सरळ. मग पावतीवर, ग्रॅच्युइटीच्या अर्जावर, हिशेब चुकता झाल्याच्या कागदावर, असं चार-पाच ठिकाणी. दर वेळी मी पट्टी खाली सरकवत होतो.

ज्या माणसाला सहीची ओळ दिसत नाही, तो वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडतो आहे, असा तो कागद होता. आणि पट्टी धरणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दोन महिने थांबून त्यांनी पीएफ आणि पेन्शनचे पैसे मागितले. पीएफला फॉर्म १९ आणि पेन्शनचे पैसे उचलायला फॉर्म १० सी. मोबाइलवर ओटीपी आला तो त्यांच्या मुलीने मला फोनवर वाचून दाखवला. पेन्शन फंडातून १,२३,३०० रुपये मिळाले. आठ वर्षांच्या नोकरीला तुमच्या तक्त्यात ८.२२ असा आकडा आहे, पगाराच्या १५,००० च्या मर्यादेने गुणलं की एवढेच होतात. मिस्त्रींनी पेढे आणून दिले होते. मी खाल्ले.

आता तुमच्या योजनेबद्दल बोलतो. १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेल्या कर्मचारी पेन्शन योजनेत परिच्छेद १५ आहे. नोकरीत असताना जो सदस्य कायमचा आणि पूर्णपणे अक्षम होतो, त्याला पेन्शन मिळते. त्यासाठी दहा वर्षांची नोकरी लागत नाही. एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पुरे. अपघात कामावर झाला की घरी, की दुखणं पोटातून आलं, याच्याशी घेणंदेणं नाही. वय ५० व्हायची वाट पाहायची नाही, ५८ च्या आधी पेन्शन घेणाऱ्याची दर वर्षाला ४ टक्के कापतात ती कात्रीही इथे नाही. अक्षम झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पेन्शन सुरू आणि ती तहहयात.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. २९ वर्षं पीएफचं काम केलेल्या माणसाने हा परिच्छेद निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा वाचला. फॉर्म भरणाऱ्याला योजना वाचावी लागत नाही, फॉर्म तेवढा पाठ लागतो.

मिस्त्रींचं गणित मी नंतर मांडलं. सप्टेंबर २०१४ पर्यंतची तीन वर्षं गुणिले पगाराची ६,५०० ची मर्यादा, पुढची पाच गुणिले १५,००० ची मर्यादा, आणि दोन्ही भागिले ७०. पहिल्याचे २७८ रुपये ५७ पैसे, दुसऱ्याचे १,०७१ रुपये ४३ पैसे. बरोबर १,३५० रुपये महिना. रक्कम मोठी नाही, कुणी हसेल. पण ज्या घरात इंजेक्शन एक महिना पुढे ढकललं जातं तिथे १,३५० ला वजन असतं. हातात आलेले १,२३,३०० रुपये या पेन्शनने साडेसात वर्षांत फिटले असते. तेव्हा मिस्त्री पन्नाशीतच असते. पुढचं सगळं आयुष्य, आणि त्यांच्यामागे बायकोला किमान १,००० रुपये, हे सगळं त्या एका रकमेत विकलं गेलं. विकणाऱ्याला माहीत नव्हतं की आपण काय विकतोय, आणि दलालाला म्हणजे मलाही माहीत नव्हतं.

कागदावर तुमची योजना सरकारपेक्षाही उदार आहे, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. केंद्र सरकारने आपल्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना नोकरी दहा वर्षांपेक्षा कमी असली तरी रुग्णता पेन्शन द्यायचं ठरवलं ते जानेवारी २०१९ मध्ये. महाराष्ट्रात नव्या पेन्शन योजनेतल्या सरकारी कर्मचाऱ्यांना रुग्णता निवृत्तिवेतनाची सोय झाली ती ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने, आणि तीही त्याच महिन्यात राज्यभर संप झाल्यावर. तुमच्याकडे ही सोय १९९५ पासून आहे. फक्त तिच्यापर्यंत जायची वाट राजीनाम्याच्या टेबलावरून जाते आणि त्या टेबलापाशीच माणूस गळतो.

सरकारी आस्थापनेत निदान एक भिंत तरी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चं कलम २० सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला काढता येणार नाही. त्याच पगारावर दुसरं काम द्या, काम नसेल तर निवृत्तीच्या वयापर्यंत जादा पद तयार करा. ऑगस्ट २०२५ मध्ये तेलंगणातल्या सरकारी बसच्या एका चालकाला सर्वोच्च न्यायालयाने रंगांधळेपणाच्या कारणावरून असंच पर्यायी काम द्यायला लावलं. म्हणजे बसचालकाचे डोळे आणि टर्नरचे डोळे यांत फरक एवढाच की एकाचा मालक सरकार आहे. खासगी कारखान्याला ते कलम लागत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तर सततच्या आजारपणामुळे नोकरी संपवली तर ती कामगार कपात (रिट्रेंचमेंट) धरायचीच नाही असं लिहिलेलं होतं, त्यामुळे भरपाईही नाही. तेव्हा खासगीतल्या कामगाराच्या हातात उरतो तो तुमचा परिच्छेद १५. एवढाच.

तो हातातून कसा निसटतो ते सांगतो, कारण हे दिल्लीतून दिसत नाही.

परिच्छेदात ‘नोकरीत असताना’ असे शब्द आहेत. राजीनामा एकदा मंजूर झाला की माणूस नोकरीत नसतो. राजीनाम्यावर ‘वैयक्तिक कारण’ असतं, आजाराचा उल्लेख नसतो. मग सहा महिन्यांनी कुणी शहाण्याने सांगितलं म्हणून तो अर्ज करायला गेला, तर अपंगत्व नोकरीत असतानाच आलं हे त्याने सिद्ध करायचं, आणि त्याचाच सहीचा कागद त्याच्या विरोधात बोलतो. त्याच्या पुढचं दार फॉर्म १० सी चं. दहा वर्षांच्या आत पेन्शनचे पैसे उचलले की सदस्यत्वच संपलं. मिस्त्रींसाठी मी खूप उशिरा लिहून विचारलं, तेव्हा मला हेच उत्तर आलं. ते नियमाला धरून होतं, उत्तर देणाऱ्याची काही चूक नाही. दहा वर्षांच्या वर नोकरी झालेल्यांचं जरा वेगळं. त्यांना पैसे उचलता येत नाहीत, स्कीम सर्टिफिकेट म्हणजे पेन्शनच्या नोकरीचा दाखला मिळतो. पण अपंगत्वाचा अर्ज न करता ते सर्टिफिकेट कपाटात ठेवून ५८ ची वाट बघणारे मला माहीत आहेत, आणि त्यांची वर्षं तशीच जातात.

तिसरी गोष्ट सगळ्यात छोटी आहे आणि तीच मला झोपू देत नाही. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने तुमच्या पोर्टलवर टाकायची असते, तिच्यासोबत कारण निवडायचं असतं. खाली उघडणारी यादी आहे: सेवासमाप्ती, नियत वयोमान, निवृत्ती, सेवेत मृत्यू, आणि कायमचं अपंगत्व. पाच पर्याय. म्हणजे तुमच्या माणसांनी विचार केलेला होता. मी शेकडो वेळा ती यादी उघडली असेल. दर वेळी सेवासमाप्तीवर क्लिक केलं, कारण राजीनामा म्हणजे सेवासमाप्ती. मिस्त्रींच्या वेळीही. ते माझ्यासमोर खुर्चीत बसले होते, काळा चष्मा लावून.

हे सगळं मला कळलं ते २०२२ मध्ये, भाचीच्या फोनमुळे. तिचे यजमान चाकणला एका कंपनीत क्रेन ऑपरेटर, वय ३७, सहा वर्षं नोकरी. अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. तीन महिने झाल्यावर कंपनीतला एक मुलगा घरी आला. चांगला होता बिचारा, फळं घेऊन आला होता. पिशवीत राजीनाम्याचा टाइप केलेला कागद होता. भाचीने विचारलं, “मामा, सही करायला सांगू का?” मी ‘सांग’ म्हणणार होतो. जीभ तिथपर्यंत आली होती. पण घरचं माणूस होतं म्हणून म्हटलं, दोन दिवस थांब, बघतो. परक्यांच्या वेळी मी दोन दिवस कधी थांबलो नव्हतो.

योजनेचा मूळ मजकूर काढला, इंग्रजीतला. चष्मा पुसून पुसून वाचला. आम्ही राजीनामा दिला नाही. कंपनीला लेखी कळवलं की आमचा माणूस कायमचा अक्षम झाला आहे, तसं कारण नोंदवावं, आणि पेन्शन मागण्याचा फॉर्म १० डी भरला. कंपनीने कुरकुर केली, पण नोंदवलं.

मग वैद्यकीय तपासणी. इथे तुमच्या मजकुरातली एक गाठ आहे, ती तुम्हीच सोडवू शकता. व्याख्येच्या कलमात कायमचं पूर्ण अपंगत्व म्हणजे माणूस त्या वेळी जी जी कामं करू शकत होता त्या सगळ्या कामांना तो निकामी होणं. आणि परिच्छेद १५ मध्ये वैद्यकीय तपासणीत काय पाहायचं, तर अपंगत्व आलं तेव्हा तो जी नोकरी करत होता त्या नोकरीला तो कायमचा अयोग्य झाला की नाही. एकीकडे सगळी कामं, दुसरीकडे करत असलेली नोकरी. कागदावर हा शब्दांचा खेळ वाटेल. तपासणीच्या खोलीत त्याचं काय होतं ते मी पाहिलं.

डॉक्टरांनी विचारलं, “बसून करता येण्यासारखं काही काम जमेल का?”

जावई प्रामाणिक माणूस. म्हणाले, “डाव्या हाताने काहीतरी जमेल.”

झालं. हलकं काम करू शकतात, असा शेरा पडला. कोणतं हलकं काम, कुठे, कोण देणार, हे त्या कागदावर नव्हतं. क्रेनच्या केबिनपर्यंत शिडी चढून जावं लागतं आणि तिथे दोन्ही हातांनी दोन लिव्हर धरावे लागतात, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. दिव्यांगांच्या दाखल्याचं आणखी वेगळं. तो टक्क्यांत असतो. इतके टक्के, तितके टक्के. तुमचा प्रश्न मात्र हो की नाही असा आहे. लोक ६० टक्क्यांचं कार्ड घेऊन जातात आणि त्यांना सांगितलं जातं की हे पूर्ण नाही. शंभर टक्के म्हणजे काय, मेलेला?

आम्ही परिच्छेद १५ चा तो भाग मराठीत लिहून, त्याखाली क्रेन ऑपरेटरला रोज काय काय करावं लागतं ते आठ ओळींत मांडून, फेरतपासणी मागितली. दुसऱ्या डॉक्टरीण बाईंनी त्या आठ ओळी दोनदा वाचल्या आणि ‘या कामास कायम अयोग्य’ असं लिहिलं. पेन्शन बसली. १४,००० गुणिले ६ भागिले ७०, म्हणजे १,२०० रुपये. भाची पहिल्या महिन्याचा मेसेज दाखवायला आली होती. मला त्या आकड्यात मिस्त्रींचे १,३५० दिसत होते.

आता रकमेबद्दल. मी कारकून, धोरण मला कळत नाही, पण बेरीज कळते. तुमच्याच योजनेत नोकरीत असताना सदस्य वारला, तर विधवेच्या पेन्शनला त्याच्या पगाराचा तक्ता लावतात. नोकरी वर्षाची होती की दहा वर्षांची, हे त्या तक्त्याला लागत नाही. म्हणजे मृत्यूने आयुष्य मध्येच तोडलं तर झालेली वर्षं मोजून भागणार नाही, हे १९९५ मध्ये कुणाला तरी कळलं होतं. अपंगत्वाला मात्र झालेलीच वर्षं मोजतात. ३७ व्या वर्षी उजवा हात गेला, पुढची २१ वर्षं तो मिळवणार होता, ती कुठेच नाहीत. पीएफच्या ठेवीशी जोडलेल्या विम्याचं तसंच. नोकरीत मृत्यू आला तर वारसाला ७ लाखांपर्यंत, जिवंत राहून अंथरुणाला खिळला तर शून्य. जावयांनी एकदा हसत हसत भाचीला म्हटलं, “गेलो असतो तर तुझं जास्त चांगलं झालं असतं.” तिने आठ दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. पण हिशेब त्यांचा चुकला नव्हता.

कामगार विमा ज्यांना लागू आहे त्यांना काही काळ आजारपणाचा भत्ता मिळतो, ठरावीक मोठ्या आजारांत दोन वर्षांपर्यंतही. कायमच्या अपंगत्वाची पेन्शन मात्र कामावरच्या इजेलाच. साखरेने डोळे गेले, किडनी गेली, ती कामावरची इजा नव्हे. शिवाय पगार २१,००० च्या वर गेला की विमाही नाही. म्हणून म्हणतो, फिरून फिरून सगळं तुमच्याच दाराशी येतं.

ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत तुम्ही ठरवलं की पेन्शनचे पैसे उचलण्यासाठी नोकरी सुटल्यावर दोन महिन्यांऐवजी ३६ महिने थांबावं लागेल. यावर लोक चिडले. आमच्या कट्ट्यावरही दोन दिवस हाच विषय होता, ‘आमचेच पैसे आणि आम्हालाच थांबवतात’. मला मात्र वेगळं वाटलं. हा नियम २०१९ मध्ये असता तर मिस्त्रींचे १,२३,३०० ऑक्टोबरमध्ये उचललेच गेले नसते, तीन वर्षांत कदाचित मला अक्कल आली असती. म्हणजे नियमाने तीन वर्षांची फट दिली आहे. त्या फटीत कामगाराला कुणी काही सांगणार आहे का, का तो ३६ वा महिना मोजत बसणार आणि ३७ व्या महिन्यात तोच १० सी भरणार? नुसतं थांबवून ठेवलं तर आजारी माणसाचे फक्त हाल वाढतील, औषधाला पैसे आज लागतात.

तुमच्या मंडळावर कामगारांचे दहा प्रतिनिधी आहेत, मालकांचे दहा, राज्यांचे पंधरा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिताही लागू झाली आहे. जुन्या योजना तिच्याखाली नव्याने मांडताना हे हातासरशी होण्यासारखं आहे. पोर्टलवर मालकाने कारण निवडलं की तोच संदेश कामगाराच्या मोबाइलवर जावा, त्याच्या भाषेत: ‘तुमच्या मालकाने नोकरी सुटण्याचं कारण असं असं नोंदवलं आहे. तुम्ही आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे सोडत असाल तर तुम्हाला तहहयात पेन्शन मिळू शकते, पैसे उचलू नका.’ याला कायदा बदलावा लागत नाही. ओटीपी पाठवता, तसा हा पाठवा. आणि १० सी च्या अर्जावर एक प्रश्न छापा, गेल्या वर्षभरात आजारपणाची रजा किती दिवस होती? मस्टर सांभाळणाऱ्याला ते दोन मिनिटांत लिहिता येतं. ९० च्या वर आकडा दिसला की तो अर्ज थांबवा आणि त्या माणसाला बोलावून परिच्छेद १५ वाचून दाखवा. वाचून दाखवा म्हटलं ते मुद्दाम, सगळ्यांना दिसतंच असं नाही.

व्याख्येची गाठ सोडवा. ‘करत असलेली नोकरी’ हेच प्रमाण धरा आणि तसं डॉक्टरांना छापील कळवा. तपासणीला जाताना मालकाकडून कामाचं वर्णन मागवा, आठ ओळी पुरतात. राजीनामा असला तरी शेवटच्या दिवसाआधीचे दवाखान्याचे कागद असतील तर ‘नोकरीत असताना’ हे सिद्ध झालं असं धरा. रुग्णालयाच्या कागदावर तारीख असते, ती काही राजीनाम्याने पुसली जात नाही.

पुढची वर्षं मोजण्याचं मोठं काम आहे, त्याला पैसा लागेल, विमागणिती बसवावे लागतील, हे मला समजतं. किमान पेन्शन २०१४ पासून १,००० वर थांबली आहे ती का थांबली हेही तुम्ही अनेकदा सांगितलं आहे. त्यावर आमची संघटनेची मंडळी रस्त्यावर भांडतात, ते भांडतील. मी आज फक्त त्या टेबलापुरतं बोलतो आहे जिथे मी बसायचो.

माझ्यासारखे कारकून आजही हजारो आहेत. आता त्यांना एचआर म्हणतात, कॉन्ट्रॅक्टरकडे असतात, एकेक पोरगं पाच-पाच कंपन्यांचं बघतं. वाईट कुणी नसतं. घाई असते. महिनाअखेरीला चलन भरायचं असतं, जागा रिकामी दाखवायची असते, साहेबाला कटकट नको असते. जाताजाता त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहितो, त्यांच्यापर्यंत हे पत्र पोचलं तर. पाच वर्षं पुरी नसली तरी अपंगत्व आलं तर ग्रॅच्युइटी द्यावी लागते, ती अट तिथे लागत नाही. आणि पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर कर लागतो, पण आजारपणामुळे नोकरी गेली असेल तर लागत नाही. म्हणजे ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहिलंत की तुम्ही त्या माणसाचा करही वाढवून ठेवता.

शेवटची मागणी मिस्त्रींसाठी आहे, पण एकट्या त्यांच्यासाठी नाही. ज्यांनी आजारपणात नोकरी सोडून १० सी ने पैसे उचलले, आणि ज्यांच्याकडे नोकरीच्या काळातले दवाखान्याचे कागद आहेत, त्यांना ती रक्कम परत भरून अपंगत्व पेन्शन घेण्याची एक संधी द्या. मुदत ठेवा, तपासणी कडक ठेवा, हवं तर व्याज लावा.

गेल्या महिन्यात मी त्यांच्या घरी जाऊन आलो. सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. मिस्त्री काही बोलले नाहीत, पेढ्यांची आठवण काढून हसले. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. त्यांची बायको शिवणकाम करते, ती हिशेबाला पक्की. तिने मशीनवरून न उठता विचारलं, “एक लाख तेवीस हजार एकदम तर नाही जमायचे, भाऊसाहेब. ते लोक हप्त्याने घेतील का?”

तिला काय सांगू, ते कळवावं.

आपला नम्र,
एक निवृत्त टाइम ऑफिस कारकून
भोसरी, पुणे